पापणीचा शब्द

अरबी सुरस कथांमध्ये एका माकडाची गोष्ट आहे. बगदादमधल्या तीन स्त्रियांच्या घरी एका रात्री तीन कलंदर येतात, तिघेही एका डोळ्याने आंधळे. त्यांतला दुसरा कलंदर ही गोष्ट सांगतो. मुळात तो राजपुत्र. विद्या शिकलेला, हस्ताक्षरासाठी नावाजलेला. एका इफ्रीताच्या रागाला तो बळी पडतो आणि इफ्रीत त्याचे माकड करून टाकतो. आपण कोण होतो हे त्याला आठवते, समोरचे काय बोलतात ते कळते, तोंडातून मात्र माणसाचा शब्द निघत नाही. भटकत भटकत तो एका जहाजावर चढतो. व्यापारी म्हणतात, अपशकुनी जनावर आहे, मारून टाका. कप्तानाला दया येते म्हणून वाचतो. जहाज एका शहराच्या बंदराला लागते. तिथल्या बादशहाचा सुलेखनकार वजीर वारलेला असतो. त्याच्या तोडीचे लिहिणारा कुणी आहे का हे पाहण्यासाठी माणसे एक कागद घेऊन येतात. सगळे व्यापारी एकेक ओळ लिहितात. मग माकड उडी मारून तो कागद हिसकावते. आता हा फाडणार किंवा पाण्यात टाकणार म्हणून लोक ओरडतात. माकड कलम मागते आणि एकामागून एक निरनिराळ्या वळणांच्या लिपीत लिहून दाखवते.

बादशहा ते अक्षर पाहून खूश होतो. ज्याने हे लिहिले त्याला मानाचा पोशाख घालून आणा म्हणतो. दरबारी हसतात. माकडाला आणले जाते, बादशहा त्याच्याशी बुद्धिबळ खेळतो, आणि ही गंमत पाहायला आपल्या मुलीलाही बोलावतो. शहजादी आत येते आणि आल्या आल्या तोंडावर पदर ओढते. परक्या पुरुषासमोर मला का बोलावले, असे बापाला विचारते. बादशहाला काही कळत नाही. समोर तर घरचीच माणसे आणि एक माकड.

ही गोष्ट आम्हाला आमच्या फुफीने सांगितली. ती कळवण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका होती आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने ओळखले जाणारे ते जुने मराठी भाषांतर तिच्या कपाटात होते. पुढे गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या आवृत्तीवरून केलेला अनुवाद आम्ही वाचला, तेव्हा फुफीने मुलांसाठी काय काय गाळले होते तेही समजले. शहजादीने पदर ओढला त्या ठिकाणी ती थांबायची आणि म्हणायची, "पूरे दरबार में अकल किसकू थी, बोलो?" आम्ही म्हणायचो, माकडाला. ती मान हलवायची. "उस छोकरी कू."

त्याच ग्रंथात कोळी आणि जिन्नाच्या गोष्टीत काळ्या बेटांचा राजपुत्र भेटतो. जादूगार बायकोने त्याला कमरेपासून खाली दगड करून ठेवले आहे. वरचा भाग जिवंत, आणि त्या जिवंत भागावर ती रोज कोरडे ओढते. दगड झालेल्या माणसांच्या गोष्टी आपल्या देशालाही नव्या नाहीत. अहिल्येची शिळा झाली तेव्हा तिला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बोलणे ऐकू येत होते की नाही, हा प्रश्न आम्ही एकदा शाळेत विचारला होता. गुरुजी म्हणाले, असले प्रश्न विचारायचे नसतात. काळ्या बेटांच्या राजपुत्राचे बरे होते. त्याला तोंड होते. तो रडत होता, आणि रडण्याच्या आवाजावरूनच एक परका सुलतान त्याच्यापर्यंत पोहोचला.

तोंडही गेले तर काय, याचा विचार युरोपातल्या कादंबरीकारांनी एकोणिसाव्या शतकात केला. अलेक्झांडर द्युमाची 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' 1844 ते 1846 या काळात हप्त्याहप्त्याने छापून आली. सूडकथा म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या लक्षात राहिला तो तिच्यातला म्हातारा न्वार्तिए. एके काळचा जबरदस्त क्रांतिकारक, पक्षाघाताने खुर्चीला खिळलेला. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. उरले फक्त डोळे. त्याची नात आणि म्हातारा नोकर यांनी एक भाषा बसवली आहे. डोळे मिटले की हो, अनेकदा मिचकावले की नाही, वर पाहिले की काहीतरी हवे आहे. काय हवे ते कळले नाही तर नात अक्षरे म्हणत जाते, योग्य अक्षराला तो खूण करतो, मग ती शब्दकोश उघडून रकान्यावरून बोट फिरवते. अशा रीतीने तो वकिलाला बोलावतो आणि मृत्युपत्र करतो. त्याचा मुलगा मोठा सरकारी वकील आहे, तो म्हणतो, यांचे काही खरे धरू नका. मृत्युपत्र लिहिणारा गोंधळतो. मग न्वार्तिएला प्रश्न विचारून खात्री केली जाते, आणि खुर्चीवरचे ते प्रेतासारखे शरीर सगळ्या घराण्याचा बेत उलटवून टाकते.

एमिल झोलाच्या 'तेरेझ राकँ' या 1867 सालच्या कादंबरीतल्या म्हाताऱ्या सासूला मात्र अशी नात लाभली नाही. सुनेने आणि तिच्या प्रियकराने मिळून या बाईच्या मुलाला नदीत बुडवून मारले आहे, वर आपसात लग्नही केले आहे. बाईला काही ठाऊक नसते. पक्षाघाताने ती निश्चल होते आणि मग ते दोघे तिच्यासमोरच भांडू लागतात. ती ऐकते. पोटच्या मुलाचे खुनी रोज तिला उचलून बसवतात, भरवतात. गुरुवारी संध्याकाळी मित्रमंडळी डोमिनो खेळायला जमतात. एका संध्याकाळी ती सगळी ताकद लावून हाताची बोटे टेबलावर फिरवू लागते. अक्षरे उमटतात. त्या दोघांची नावे, पुढे क्रियापदाची सुरुवात, आणि हात पडतो. पाहुण्यांत एक गृहस्थ आहेत, बाईंच्या मनातले आपल्याला बरोबर कळते अशी त्यांना घमेंड. ते ताबडतोब वाक्य पुरे करून टाकतात, की ही दोघे माझी फार चांगली काळजी घेतात. सगळे माना डोलावतात. खेळ पुन्हा सुरू.

या प्रसंगापुढे आम्हाला माकडाचे दुःख सोपे वाटते. माकडाला निदान कुणी चुकीचे वाचले नाही, जनावरच समजले. इथे म्हातारीचे वाक्य तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने पुरे केले, आणि तेही प्रेमाने. काफ्काच्या ग्रेगोर साम्साचीही कथा (1915) याच जातीची. किडा झालेल्या त्या तरुणाला बहिणीचा शब्द न् शब्द कळतो, पण त्याला काही कळत असेल ही शक्यताच घरात कुणी धरत नाही.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेला नाव दिले ते 1966 साली. अमेरिकेतल्या प्लम आणि पोस्नर या दोन डॉक्टरांनी तिला 'लॉक्ड-इन सिंड्रोम' म्हटले, म्हणजे आत कोंडून कुलूप लावलेला माणूस. मेंदू जिथे मणक्याच्या दोरीला मिळतो त्या देठातल्या 'पॉन्स' नावाच्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला, की हुकूम खाली जाण्याची वाटच तुटते. वरचा मेंदू शाबूत राहतो. ऐकू येते, समजते, आठवते. साधारणपणे डोळे वर-खाली करणे आणि पापणी मिटणे एवढेच हातात राहते, कारण त्यांची यंत्रणा पॉन्सच्या वर असते. फ्रान्समधल्या 'एल' मासिकाचा संपादक झाँ-डोमिनिक बोबी याला डिसेंबर 1995 मध्ये हे झाले. डाव्या पापणीने त्याने एक अख्खे पुस्तक सांगितले, 1997 च्या मार्चमध्ये ते निघाले आणि दोन दिवसांनी तो वारला. त्या पुस्तकात त्याने न्वार्तिएची आठवण काढली आहे. द्युमाने हे पात्र लिहिले तेव्हा डॉक्टरांना या रोगाचे नावही सुचलेले नव्हते.

आमच्या फुफीला हे झाले 2009 च्या पावसाळ्यात. कळवणहून नाशिक म्हणजे ऐंशी किलोमीटरच्या आसपास. नांदुरी, वणी, दिंडोरी असा रस्ता. नांदुरीला सप्तशृंगगडाच्या पायथ्याशी गाडी पोहोचली तेव्हा पाऊस एवढा होता की गड दिसत नव्हता. नाशिकच्या एका दवाखान्यात तिला बारा दिवस ठेवले. तपासणीच्या कागदावर पॉन्सचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. तरी निघताना तिथल्या डॉक्टरांनी अब्बांना सांगितले, कोमासारखेच समजा, घरी न्या, सेवा करा. नाकातली नळी, लघवीची नळी आणि कुशी कशी बदलायची याची दहा मिनिटांची शिकवणी, एवढे घेऊन ती परत आली.

आमच्या गावाकडे शरीर मालकाच्या हातून सुटले, की त्याचा अर्थ लावायला माणसे तयारच असतात. चैत्रात गडावर यात्रा भरते. वाटेने जाणाऱ्यांत कुणाकुणाच्या अंगात येते. आमच्या शेजारच्या मावशींच्या अंगात यायचे. त्या एकदा अम्मीला म्हणाल्या होत्या, "आपुन काय बोलतो ते आपल्याला दुरून आइकू येतं, पन थांबवता येत न्हाई." आमच्यातही दर्ग्यावर हाजरी होतेच, तिथे घुमणाऱ्या बायका आम्ही लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्यामुळे फुफीच्या बाबतीत पहिल्या महिन्यात जे जे आले त्यांनी आपापला अर्थ आणला. कुणी म्हणाले असर आहे. कुणी म्हणाले नजर. मालेगावहून आलेल्या एका दूरच्या नातेवाइकांनी ठरवूनच टाकले, की रूह जायला तयार आहे, कशात तरी जीव अडकलाय. मग ते तिच्या उशाशी बसून तिच्या घराचे आता काय करायचे याची चर्चा करू लागले. हे सगळे तिने ऐकले. तिला काय वाटले ते आम्ही लिहिणार नाही. तेवढा अधिकार आम्हाला नाही.

आमच्या मोठ्या बाजीने ते ओळखले. बाजी शिवणकाम करते, पुस्तकांच्या फारशी वाटेला जात नाही. कुशी बदलताना तिच्या लक्षात आले की आपण डावीकडे जातो म्हटले की फुफी काही करत नाही, पण वर पाहा म्हटले की नजर वर जाते. तिने दार लावून घेतले आणि विचारले, "फुफी, मेरी आवाज आरई तो आँखां एक बार मींचो." पापणी मिटली आणि उघडली. बाजीने पुन्हा विचारले, मग उलटे विचारले, "मैं तुमारी सास हूँ क्या?" नजर वर गेली आणि तिथेच राहिली. बाजी सांगते, एवढ्या महिन्यांत तिला पहिल्यांदा त्या नजरेत चीड दिसली.

पाटी तयार झाली ती चार दिवसांत. बोबीच्या मदतनीस बाईंनी फ्रेंच अक्षरे वापराच्या क्रमाने मांडून घेतली होती, जास्त लागणारी आधी. आम्ही नाशिकहून आलो तेव्हा तसे काही करावे असे बोलणे निघाले. पण आपली वर्णमाला आधीच रांगांत बसवलेली आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र ल व, मग उरलेली. आधी रांग विचारायची, पापणी मिटली की त्या रांगेतले अक्षर, मग काना, वेलांटी, उकार, मात्रा. तीन पायऱ्या. जोडाक्षर सोडून द्यायचे, अनुस्वार बाजीने अंदाजाने घ्यायचा. बारा महिने तेरा काळ बाराखडी शिकवण्यात जिचे आयुष्य गेले तिला ही रीत समजावून सांगावी लागली नाही.

पहिला शब्द लागला तो दुपारच्या वेळी. च. ष. म, त्याला काना. बाजीला वाटले काहीतरी चुकले. पुन्हा सुरुवातीपासून घेतले, पुन्हा तेच आले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दवाखान्यात भरती करताना तिचा चष्मा काढून एका पिशवीत घातला होता. ती पिशवी तिच्या बांगड्या आणि औषधांच्या चिठ्ठ्यांसह कपाटावर होती. साडेचार महिने फुफी पंख्याची पाती, भिंतीवरचा पंचांगाचा कागद आणि वाकून पाहणारे चेहरे धुक्यातून पाहत होती. चष्मा पुसून लावला. ती किती तरी वेळ छताकडेच पाहत राहिली.

पाटी आल्यावर दुसरी अडचण आली. भेटायला येणारे सगळे झोलाच्या गुरुवारच्या पाहुण्यांसारखे. पा आला की पाणी, ना आला की नातू, आणि आपण बरोबर ओळखले या आनंदात उरलेले ऐकायला कुणी थांबायचे नाही. दोन अक्षरांवरून तिच्या तोंडी काय काय घातले गेले याची गणती नाही. अखेर बाजीने खोलीत नियम केला, की शब्द पुरा होईपर्यंत कुणी बोलायचे नाही, आणि पुरा झाल्यावरही फुफीला हाच का म्हणून विचारायचे. मोठमोठी माणसे त्या नियमाने चिडली. एका मामूंनी तर चहा न घेता जाणे पसंत केले.

पाटी उर्दूत हवी होती, असेही कुणी म्हणाले. त्यावर घरात थोडा वाद झाला. घरात आम्ही जी बोलतो ती ना पुस्तकी उर्दू ना मराठी, तिच्यात अहिराणीसुद्धा आहे, आणि त्या बोलीची पाटी कुठेच मिळत नाही. दुवा अरबीत, रडणे-भांडणे बोलीत, आणि लिहिणे मराठीत, असा आमच्यासारख्या अनेक घरांचा कारभार आहे. मराठी ही तुमची भाषा कधी झाली, असे विचारणारे दोन्ही बाजूंना भेटतात. फुफीला विचारले. तिने म, र, ठ लावले आणि मात्रा लावायच्या आधीच डोळे मिटून घेतले, जणू कंटाळली.

2011 च्या मार्चमध्ये अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल लागला. वाचकांना ही हकीकत ठाऊक आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातली ही तरुण परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूला रक्त पोहोचले नाही. त्यानंतर ती त्याच रुग्णालयात पडून होती. तिच्यावर पिंकी विराणी यांनी 1998 मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याही आधी, 1985 साली, हरकिसन मेहता यांची गुजराती कादंबरी आली होती, तिचे नावच 'जड चेतन'. जिवंत बाई कथेतले पात्र झाली ती अशी. विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात मागणी केली, की तिला अन्न देणे थांबवावे, तिला शांतपणे जाऊ द्यावे. रुग्णालयातल्या परिचारिकांनी विरोध केला. ती आमची आहे, तिला मासे आवडतात, भरवले की चेहरा बदलतो, खोलीत गर्दी झाली की ती आवाज करते. न्यायालयाने नेमलेल्या तीन डॉक्टरांनी तिला तपासले. ती जागी आहे पण जाणिवेचा पुरावा मिळत नाही, अशा अर्थाचे त्यांचे मत पडले. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी 7 मार्च 2011 रोजी मागणी फेटाळली, मात्र काही बंधने घालून अशा रुग्णांचे उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. ते निकालपत्र गालिबच्या शेराने सुरू होते.

ही बातमी पेपरात होती त्या दिवशी बाजीने पेपर घडी करून बाजूला ठेवला. फुफीने पाटी मागितली. व ला काना, च. वाच. बाजीने सगळे वाचून दाखवले, गालिबसकट. नंतर फुफीने जे लावले त्याला जवळजवळ अर्धा तास लागला. त ला वेलांटी, ल ला काना. व ला वेलांटी, च ला काना, र, ल ला मात्रा. क ला काना. तिला विचारले का.

कुणी काय विचारणार होते? बाजी म्हणाली, तिला ऐकू आले तरी सांगता येत नसेल. फुफीने नजर वर केली. तिचा अर्थ नाही असा होता, की वरच्याला ठाऊक असा, हे बाजीला ठरवता आले नाही, आणि तिने ठरवलेही नाही. अरुणा शानबाग 18 मे 2015 रोजी गेल्या. त्यांच्या आत कुणी होते का याचे उत्तर देण्याची आमची पात्रता नाही. एवढेच दिसते की पलंगाच्या एका बाजूला ती आत आहे म्हणणारी प्रेमाची माणसे होती आणि दुसऱ्या बाजूला ती आत नाही म्हणणारी कळवळ्याचीच माणसे होती. दोघांनीही वाक्य पुरे केले होते.

विचारण्याचा उद्योग मात्र काहींनी केला होता. 2006 मध्ये एड्रियन ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने अपघातानंतर प्रतिसाद न देणाऱ्या एका 23 वर्षांच्या तरुणीला मेंदूचे चित्र घेणाऱ्या यंत्रात ठेवले आणि सांगितले, तू टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूचा जो भाग अशा वेळी जागा होतो तोच तिचा झाला. 2010 मध्ये अशाच 54 रुग्णांवर प्रयोग झाला, पाच जणांनी सांगितल्याप्रमाणे मनात कल्पना केली, त्यांतल्या एकाने हो-नाहीची उत्तरेही दिली. 2024 मध्ये निरनिराळ्या देशांतल्या रुग्णालयांचा मिळून अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरून हुकुमाला काहीच प्रतिसाद न देणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांचा मेंदू आत हुकूम पाळत होता. चारांत एक. शहजादीने पदर ओढला त्याला हजार वर्षे झाली असतील, आता तेच काम करायला लाखोंची यंत्रे लागतात. तीही कळवणला नाहीत, बाजीसारखी एखादी शिवणारी बाई मात्र कुठेही असू शकते.

सआदत हसन मंटोच्या 'खोल दो' (1948) मध्ये याची दुसरी बाजू आहे. फाळणीत हरवलेली सकीना दवाखान्यात प्रेतासारखी आणली जाते. डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो आणि ते शब्द ऐकताच मुलीचे निर्जीव हात आपोआप हलतात, इजार सैल करतात. तिच्यावर काय गुजरले ते त्या हातांनी सांगितले. बाप आनंदाने ओरडतो की मुलगी जिवंत आहे, डॉक्टरला घाम फुटतो. एकच हालचाल, वाचणारे दोन. बाप चूक होता असे आम्हाला कधी म्हणवले नाही. कुरआनात हजरत सुलैमान (अ.) यांच्या वफातीचा जो प्रसंग आहे तोही आठवतो. काठीला टेकलेले शरीर उभे आहे म्हणून जिन्न मुकाट्याने राबत राहिले, वाळवीने काठी खाल्ली तेव्हा कळले की आत कुणी नाही. बाहेरून आतले वाचणे जिन्नांनाही साधले नाही.

आता राहिली नमाजची गोष्ट. पाटी आल्यावर काही आठवड्यांनी बाजीला दिसले, की अजान झाली की फुफीची नजर एका ठरावीक चालीने खाली येते. थोडी खाली, मग वर, मग पापणी पूर्ण मिटते, उघडते, पुन्हा मिटते. मगरिबला तीन फेऱ्या, इशाला चार. तिने विचारले, "नमाज?" पापणी मिटली. किती दिवसांपासून, विचारले. फुफीने द, व, ख न ला काना एवढे लावले आणि पुढचे बाजीने विचारून खात्री करून घेतले. दवाखान्यापासून.

त्यावर पहिला प्रश्न आला तो हिशेबाचा, आपल्याकडे येतो तसा. अशी नमाज होते का? आमच्या चुलत बहिणीचे दूल्हे रत्नागिरीकडचे, कोकणी, शाफई मसलकचे. ते म्हणाले आमच्याकडे होते. मान हलत नसेल तर पापणीने, तीही नसेल तर मनाने. आम्ही हनफी. मशिदीतल्या तरुण मौलानांना विचारले तर ते दुसऱ्या दिवशी 'हिदाया'चा उर्दू तर्जुमा घेऊन आले. फरगान्याचे बुरहानुद्दीन मरगिनानी यांचा हा ग्रंथ, ते 1197 साली वारले. त्यात लिहिले आहे, की ज्याला डोक्यानेही इशारा करता येत नाही त्याची नमाज पुढे ढकलली जाते, डोळ्याने, भुवईने किंवा मनाने इशारा करून ती होत नाही. इमाम अबू हनीफांचेच शागिर्द इमाम जुफर यांचे मत मात्र वेगळे, त्यांच्या मते होते. मौलाना एवढे वाचून थांबले नाहीत, म्हणून आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे. पुढचे वाक्यही त्यांनी वाचले. ढकलली जाते म्हणजे माफ होत नाही. असा माणूस दिवसरात्र, त्याहून जास्त, तसाच पडून असला तरी शुद्धीवर असेल तर त्याच्यावरचा हुकूम कायम राहतो, कारण त्याला उद्देशून काय सांगितले आहे ते त्याला समजते. बेशुद्ध माणसाचे तसे नाही.

आम्ही ते पुन्हा वाचायला लावले. आठशे वर्षांपूर्वी एका फकीहने पलंगावरच्या निश्चल माणसांत दोन प्रकार केले होते, ज्याला समजते तो आणि ज्याला समजत नाही तो, आणि ज्याला समजते त्याला हिशेबातून वगळायला नकार दिला होता. नाशिकच्या दवाखान्यातल्या कागदावर हा फरक बारा दिवसांत कुणी केला नव्हता. मौलाना फुफीच्या समोर बसून हे सगळे तिला सांगत होते, नातेवाइकांना नाही. तिने चष्म्यातून त्यांच्याकडे पाहत ऐकले. मग पाटीवर ज ला उकार, फ, र एवढे लावले. मौलाना हसले. म्हणाले, "इमाम जुफर का कौल भी हमारे घर का ही है." त्यानंतर बाजी पाच वेळा तिला तयम्मुम करून द्यायची, मातीच्या विटेवर हात मारून तिच्या चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायची. बाकीचे फुफी करायची.

2011 च्या डिसेंबरात, फुप्फुसात पाणी होऊन, फुफी गेली. जनाजा पहाटेच्या थंडीत निघाला, बेहडी नदीवर धुके होते, शाळेतले जुने विद्यार्थी कांद्याची लागवड टाकून आले होते. तिसऱ्या दिवशी चुलत्यांनी कागद-पेन्सिल घेतली. जितक्या नमाज चुकल्या तितक्यांचा फिदया, गव्हाच्या हिशेबाने. दिवसाच्या पाच फर्ज आणि वित्र, म्हणजे सहा. अडीच वर्षे. त्यांनी गुणाकार मांडला. मौलाना म्हणाले, इशाऱ्याचीही ताकद परत आली नाही आणि माणूस गेला तर फिदया लागत नाही, तसा मसला आहे. चुलते म्हणाले, तरी पण, चुकल्या तर आहेत ना.

बाजी दारात उभी होती. "चुकल्या कशा," ती मराठीतच म्हणाली, "मी समोर बसून मोजलेल्या आहेत."

चुलत्यांनी तिच्याकडे पाहिले, मौलानांकडे पाहिले. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि गहू किती आणायचा ते मशिदीच्या मदरशाच्या मुलांसाठी म्हणून विचारू लागले.